विहिरीवरचा निरोप घरापर्यंत: लोरा रेडिओच्या रेंजचा हिशेब, पायरी-पायरीने

विहिरीत पाणी किती, मोटर चालू आहे की ट्रिप झाली, हे घरी बसून कळावं म्हणून हल्ली बरेच जण लोराचे (कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारं रेडिओ तंत्र) छोटे रेडिओ मॉड्यूल आणतात. सिमकार्ड नको, दर महिन्याचं रिचार्ज नको, आणि जाहिरातीत '१० किलोमीटर रेंज' असं ठळक छापलेलं. घरात टेबलावर सगळं छान चालतं. शेतात नेलं की चार-पाचशे मीटरवरच निरोप यायचा बंद होतो. मग पहिला विचार येतो तो जास्त पॉवरचं मॉड्यूल मागवायचा.

तो विचार आठवडाभर बाजूला ठेवा. रेंज दोन आकड्यांवर ठरते: घरच्या रिसीव्हरपर्यंत किती ताकदीचा सिग्नल पोचतो, आणि त्या जागी तो रिसीव्हर किती क्षीण सिग्नल ओळखू शकतो. दोहोंतलं अंतर भरपूर असेल तर निरोप येतो. पॉवर वाढवून हे अंतर फार थोडं वाढतं. अँटेनाची जागा आणि घरच्या बाजूचा गोंगाट सुधारला की ते चाळीस-चाळीस डीबीने (ताकद मोजायचं माप, पायरी २ मध्ये सांगितलंय) वाढू शकतं. कसं, ते खाली मांडतो. सेन्सर, बॅटरी, मोबाइलवरचं ॲप हे विषय इथे घेतलेले नाहीत. त्यावर पुष्कळ माहिती मिळते. हा लेख फक्त हवेतल्या प्रवासाचा.

काय काय लागेल

- एकाच प्रकारची दोन लोरा मॉड्यूल. एसएक्स१२७६ चिप असलेली सहज मिळतात. खालचे आकडे त्याच चिपचे आहेत.
- दोन्हीकडे ८६५-८६८ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला अँटेना
- पॉवर बँक, म्हणजे एक मॉड्यूल हातात घेऊन फिरता येईल
- १० ते १५ फुटी जीआय पाइप किंवा जाड बांबू, क्लॅम्प, पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा, केबल ग्लँड
- वही. मोबाइलवर नोंद केली तरी चालेल, पण जागा आणि तारीख लिहाच.
- जमल्यास नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावून हवेतले रेडिओ सिग्नल पडद्यावर दाखवणारं). दोन्ही नसले तरी काम अडत नाही. गावात किंवा जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कुणाकडे तरी असतात, एका दुपारपुरते मागून आणा.
- संगणकावर गूगल अर्थ

१. आधी फ्रिक्वेन्सी बरोबर आहे का बघा

भारतात २००५ सालच्या अधिसूचनेनुसार ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. मर्यादा अशा: ट्रान्समीटर जास्तीत जास्त १ वॉट, अँटेनासकट प्रभावी ताकद ४ वॉट, एका वाहकाची रुंदी २०० किलोहर्ट्झपर्यंत. २०२१ मध्ये हा पट्टा ८६८ पर्यंत वाढवला गेला. उपकरणाला मात्र ईटीए, म्हणजे डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार खात्याची रेडिओ परवाने बघणारी शाखा) प्रकार-मान्यता असावी लागते. विकत घेताना तेवढं विचारून घ्या.

नवखा माणूस हमखास अडकतो तो इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये. अमेरिकन व्हिडिओतलं कोड ९१५ मेगाहर्ट्झवर असतं. आपल्याकडे तिथे मोबाइल कंपन्यांचा पट्टा आहे. तिथे प्रसारण करायचं नाही, विषय संपला. युरोपातलं कोड ८६८.१ वर असतं, तेही आपल्या हद्दीबाहेर जातं. कोडमध्ये ८६५.५ किंवा ८६६ टाका. मॉड्यूल '८६८' म्हणून विकलेलं असलं तरी ते ८६६ वर नीट चालतं. '४३३' म्हणून विकलेलं चालत नाही. त्याच्या आतली जुळणीच वेगळी असते.

२. डीबीएमशी मैत्री करा

रेडिओची ताकद डीबीएममध्ये मोजतात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. १० डीबीएम म्हणजे १० मिलिवॉट, २० म्हणजे १००, ३० म्हणजे १ वॉट. दर ३ डीबीला ताकद दुप्पट होते, दर १० डीबीला दहापट. एवढं पाठ झालं की पुढचं सगळं बेरीज-वजाबाकीचं काम आहे.

घरी पोचणारा सिग्नल उणे आकड्यात दिसतो. −८० चांगला, −१०० कमी, −१२० अगदी क्षीण. उणे चिन्हामुळे सुरुवातीला उलटं वाचलं जातं, सवय होईपर्यंत जपा. −१२० डीबीएम किती, तर एका वॉटचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातल्या एकाचे पुन्हा एक हजार. हा एवढासा कण पकडून ते मॉड्यूल 'पाणी १४ फूट' असं बिनचूक सांगतं. लोराचं हे तंत्र फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या सायक्लिओ या छोट्या कंपनीने विकसित केलं. २०१२ मध्ये सेमटेकने ती कंपनी विकत घेतली आणि लोरा जगभर पोचला.

३. कागदावर हिशेब मांडा

समजा घर ते विहीर सरळ रेषेत १.५ किलोमीटर. विहिरीवरचा अँटेना मोटरच्या खोलीवर जमिनीपासून २ मीटर उंच, घरचा गच्चीवर ६ मीटरवर. मॉड्यूलची पॉवर १७ डीबीएम. अँटेना दोन्हीकडे २ डीबीआयचे (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप), केबलमध्ये दोन्हीकडे १-१ डीबीचा तोटा.

मोकळ्या अवकाशातला तोटा काढायचं सूत्र असं: किलोमीटरमधल्या अंतराचा लॉग गुणिले २०, अधिक मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीचा लॉग गुणिले २०, अधिक ३२.४४. लॉग दहाच्या पायाचा. १.५ किलोमीटर आणि ८६६ मेगाहर्ट्झला उत्तर येतं साधारण ९५ डीबी. म्हणजे घरी पोचेल:

१७ + २ − १ − ९५ + २ − १ = −७६ डीबीएम

एसएक्स१२७६ ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ती ओळखू शकेल असा सगळ्यात क्षीण सिग्नल, एसएफ ७ (स्प्रेडिंग फॅक्टर: तो वाढवला की निरोप सावकाश जातो, पण जास्त क्षीण सिग्नलही वाचता येतो) आणि १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला (ऐकायच्या पट्ट्याची रुंदी) −१२३ डीबीएम आहे. हातात ४७ डीबी उरले. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे ४७ डीबीत कागदावर तीनशेवर किलोमीटर जाता येईल! जाहिरातीतले आकडे असेच निघतात. त्यात खोटं काही नाही, फक्त आपलं शिवार अवकाशात नाही.

आता जमिनीवर या. अँटेना जमिनीजवळ असले की थेट येणारी लहर आणि जमिनीवरून उसळून येणारी लहर एकमेकींना खातात. ठरावीक अंतरानंतर, आपल्या उदाहरणात साडेचारशे मीटरच्या आसपास, अंतर दुप्पट झालं की ६ ऐवजी १२ डीबी जाऊ लागतात. या अवस्थेचं सूत्र आणखी सोपं आहे: मीटरमधल्या अंतराचा लॉग गुणिले ४०, वजा दोन्ही उंचींच्या गुणाकाराचा लॉग गुणिले २०. १५०० मीटर, २ आणि ६ मीटर उंची घातली की १०५.५ डीबी. म्हणजे वरच्यापेक्षा ११ डीबी जास्त गेले, घरी पोचले −८७.

मध्ये उभा ऊस. उसाचा आकडा पुस्तकात शोधू नका, मोजून काढा. अंदाजाला म्हणून, दाट झाडीतून सलग शंभर मीटर जायचं तर या फ्रिक्वेन्सीला २० डीबीच्या आसपास तोटा धरतात. झाले −१०७.

आणि रिसीव्हर गच्चीवर न ठेवता खालच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला. स्लॅब आणि कमी झालेली उंची मिळून आणखी १५ डीबी गेले. −१२२.

रिसीव्हरची हद्द −१२३. उरला १ डीबी. हेच ते 'कधी येतं, कधी येत नाही'. मॉड्यूल खराब नाही, चिप बनावट नाही, गाव वाईट नाही.

४. सेन्सिटिव्हिटीचा आकडा कुठून येतो

ही पायरी टाळून पुढे जाऊ नका, कारण बहुतेकांचं इथेच फसतं. सगळे सिग्नल वाढवायच्या मागे असतात, ऐकणाऱ्याच्या कानाकडे कुणी बघत नाही.

कुठल्याही रिसीव्हरमध्ये उष्णतेमुळे मुळातच एक गोंगाट असतो. नेहमीच्या तापमानाला तो दर हर्ट्झला −१७४ डीबीएम. आपण १२५ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकतो, त्याचे ५१ डीबी मिळवा: −१२३. रिसीव्हर स्वतः ६ डीबीच्या आसपास भर घालतो: −११७. ही झाली गोंगाटाची पातळी. साध्या रेडिओला सिग्नल या पातळीच्या बराच वर लागतो. लोराचं वेगळेपण असं की तो गोंगाटाच्या खालचंही वाचतो. एसएफ ७ ला साडेसात डीबी खालपर्यंत, एसएफ १२ ला २० डीबी खालपर्यंत. −११७ मधून ते वजा करा, डेटाशीटमधले −१२३ आणि −१३६ जवळजवळ जुळतात.

म्हणजे सेन्सिटिव्हिटी हा चिपवर कोरलेला आकडा नाही. तुमच्या घरात गोंगाटाची पातळी −११७ ऐवजी −१०५ असेल, तर −१२३ ची चिपसुद्धा −१११ च्या खालचं ऐकणार नाही. जत्रेत लाउडस्पीकरखाली उभ्या असलेल्या माणसाचे कान कितीही तल्लख असोत, शेजारच्याचं बोलणं त्याला कळत नाही, तसंच हे. मग विहिरीवर पॉवर वाढवून काय होणार? जे बिघडलंय ते घरच्या बाजूला.

५. अंगणात पहिली चाचणी

अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूल कधीही चालू करू नका. प्रसारणाचा भाग त्याने जळू शकतो. दोन्ही मॉड्यूल एकमेकांना चिकटवून पूर्ण पॉवरवर चालवू नका, रिसीव्हर बधिर होतो आणि आकडे फसवे येतात.

दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी, एसएफ, बँडविड्थ, कोडिंग रेट आणि सिंक वर्ड तंतोतंत सारखे आहेत का तपासा. यातलं काही वेगळं असेल तर रेंज कमी होत नाही, निरोप येतच नाही. हा सेटिंगचा दोष आहे. याला रेंजचा दोष समजून शेतात शिडी लावू नका.

आता रिसीव्हरच्या कोडमध्ये प्रत्येक निरोपासोबत दोन आकडे छापायला सांगा: आरएसएसआय (पोचलेल्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) आणि एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती डीबी वर किंवा खाली आहे). जवळपास सगळ्या लायब्ररींमध्ये त्यासाठी तयार फंक्शन असतं. दहा मीटरवर उभे राहा. १७ डीबीएमला मोकळ्या जागेत −३० च्या आसपास यायला हवं. सोबत मिळणारे बोटभर अँटेना असतील तर −४० ते −५० धरा. दहा मीटरवर −८० दिसत असेल तर थांबा. अँटेना, पिगटेल (मॉड्यूलपासून अँटेनापर्यंतची छोटी केबल) किंवा कनेक्टर यांतलं काहीतरी गेलेलं आहे. इथे गमावलेले ४० डीबी शेतात कुठूनच भरून निघणार नाहीत.

कनेक्टरचा एक छुपा सापळा आहे. एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात आणि एकमेकांवर घट्ट बसतात. पण जुळवणी चुकली तर मधे पिनच नसते, किंवा दोन्हीकडून पिन येते. फिरकी घट्ट बसली म्हणजे जोडणी झाली असं नाही. आत डोकावून बघा: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक, हवंच.

६. शिवारात फिरून नोंदी घ्या

विहिरीकडचं मॉड्यूल हातात घ्या, दर दहा सेकंदांनी एक क्रमांक पाठवत राहू द्या. घरी कुणाला तरी आकडे वाचायला बसवा, किंवा रिसीव्हरकडून उलट उत्तर मागवून ते हातातल्या पडद्यावर दाखवा. दुसरी पद्धत बरी, फोनवर 'आता किती? आता?' असं ओरडावं लागत नाही.

प्रत्येक ठिकाणी निदान वीस निरोप जाऊ द्या. वीसपैकी किती पोचले, सरासरी आरएसएसआय किती, एसएनआर किती, अँटेना कंबरेला धरला होता की डोक्यावर, सगळं लिहा. हात उंच केला की आकडा लगेच पाच-सहा डीबी सुधारतो, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. उंचीचं महत्त्व मग कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

घरी परतल्यावर वही अशी वाचा:

- आरएसएसआय −११५ किंवा त्याखाली, एसएनआर ० च्या खाली: सिग्नलच क्षीण येतोय. काम अँटेना आणि उंचीचं. पायरी ७.
- आरएसएसआय −९५, तरी एसएनआर −५: सिग्नल भरपूर आहे, पण तुमच्या घरचा गोंगाट −९५ च्या आसपास चढलेला आहे. पायरी ८.
- आरएसएसआय −९०, एसएनआर ८-९, तरी मधूनच निरोप गळतात: दोष रेडिओचा नसावा. पुरवठ्याचा व्होल्टेज, कोड, किंवा दुसरं मॉड्यूल त्याच वेळी बोलतंय का, ते बघा.

एसएनआर उणे असेल तेव्हा आरएसएसआयच्या आकड्यात गोंगाटही मिसळलेला असतो. खरी ताकद हवी असेल तर दोन्हींची बेरीज करा. −११५ आणि −८ असेल तर सिग्नल −१२३ चा आहे. काही लायब्ररी ही बेरीज आधीच करून देतात, कोडमध्ये एकदा बघून घ्या.

७. उंची, अँटेना, केबल. याच क्रमाने

उंची आधी. विहिरीवरचा अँटेना २ मीटरवरून ५ मीटरवर नेला की वरच्या सूत्राने ८ डीबी मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो वाढलेल्या उसाच्या शेंड्यावर येतो, आणि वाटेतले २० मधले बरेचसे डीबी परत मिळतात. घरचा अँटेना खोलीतून गच्चीवर नेला की १५. एकूण चाळीसच्या घरात गेलं, तेही पाइप आणि क्लॅम्पच्या खर्चात. याउलट पॉवर १७ वरून २० केली तर ३ डीबी मिळतात. जमिनीलगत १२ डीबीला अंतर दुप्पट होतं हे लक्षात घेतलं तर ३ डीबीत १ किलोमीटरचे १२०० मीटरही होत नाहीत.

बरेचदा गाव चढावर आणि विहीर ओढ्याकाठी खोलगट जागी असते. गूगल अर्थमध्ये घर ते विहीर रेष ओढा आणि उंचीचा आलेख काढा. मध्ये टेकाड असेल तर आलेखात लगेच दिसतं. रेडिओला नुसती नजरेची रेष पुरत नाही, तिच्याभोवती लांबट फुग्यासारखी जागा मोकळी लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. १.५ किलोमीटरला मधोमध तिची त्रिज्या ११ मीटरच्या वर जाते. तिचा साठ टक्के भाग, म्हणजे जवळपास ७ मीटर, मोकळा असेल तर उत्तम. सपाट शेतात एवढं जमत नाही, आणि जमिनीचा तो तोटा वरच्या दुसऱ्या सूत्रात आलेलाच आहे, दोनदा मोजू नका. टेकाड, बंगला किंवा चिंचेचं मोठं झाड मध्ये येत असेल तर मात्र त्याचा वेगळा विचार करा. खांब दहा फूट बाजूला सरकवून पुष्कळदा काम होतं.

अँटेनाबद्दल. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटर, तिचा पाव भाग ८.६ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची उभी तार आणि खाली चार तिरक्या तारा, इतका साधा अँटेना घरी बनवता येतो आणि बोटभर रबरी अँटेनाला सहज मागे टाकतो. बाजारात हातभर लांबीच्या काठीवर '१२ डीबीआय' छापलेलं असतं. एवढ्या लांबीत सगळ्या दिशांना मारणाऱ्या अँटेनाला ४-५ डीबीआयच्या पलीकडे जाता येत नाही, तेव्हा छापील आकड्याला भुलू नका. घर एकाच दिशेला असेल तर विहिरीवर छोटा यागी (एकाच दिशेला मारणारा अँटेना) लावा, १० डीबीआय खरोखर मिळतात.

दोन्ही अँटेना उभे ठेवा. एक उभा आणि एक आडवा झाला तर २० डीबी सहज जातात. क्लॅम्प सैल पडून वाऱ्याने यागी फिरला की नेमकं हेच होतं.

पत्र्याचं शेड आणि स्टार्टरची लोखंडी पेटी या रेडिओच्या दृष्टीने बंद तिजोऱ्या. मॉड्यूल आत राहिलं तरी चालेल, अँटेना बाहेर हवाच, आणि पत्र्यापासून निदान हातभर लांब.

केबल सगळ्यात शेवटी, पण दुर्लक्ष करू नका. मॉड्यूलसोबत येते तसली बारीक आरजी१७४ केबल या फ्रिक्वेन्सीला दर मीटरला जवळपास १ डीबी खाते. आरजी५८ साधारण अर्धा. एलएमआर-४०० सव्वा दशांश. पाच मीटर आरजी१७४ लावून अँटेना वर नेला तर उंचीने कमावलेलं बरंचसं केबलनेच खाल्लं. उपाय सोपा आहे: केबल लांबवू नका, मॉड्यूलचा डबाच अँटेनाखाली खांबावर बसवा आणि खाली फक्त पुरवठ्याच्या तारा आणा. जोडावर आधी पाणी न शिरणारी चिकटपट्टी, वर यूव्हीला टिकणारी टेप. पहिल्याच वळवाच्या पावसात या जोडाची परीक्षा होते.

नॅनोव्हीएनए मिळाला तर ८६६ वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते त्याचं माप) बघा. २ च्या आत आला की पुरे, त्याला फक्त अर्धा डीबी जातो. १.१ साठी दिवसभर तार कापत बसू नका.

८. घरच्या बाजूचा गोंगाट शोधा

विहिरीवरचं मॉड्यूल पूर्ण बंद ठेवा आणि रिसीव्हरला कोणी बोलत नसतानाचा आरएसएसआय छापायला लावा. −११० ते −११७ दरम्यान आला तर जागा शांत आहे. −१०० किंवा वर असेल तर घरातली उपकरणं एकेक करून बंद करत आकडा बघा. स्वस्त मोबाइल चार्जर, एलईडी बल्बांचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सोलरचा चार्ज कंट्रोलर, हे नेहमीचे संशयित. मॉड्यूलला वीज देणारा ॲडॉप्टरच गुन्हेगार निघतो तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. खात्री करायची तर रिसीव्हर पॉवर बँकेवर चालवून बघा, आकडा उतरला की चोर सापडला.

दुसरा गोंगाट घराबाहेरचा, आणि तो आपल्याकडे विशेष. भारतात ८५० च्या पट्ट्यातल्या ४जी टॉवरचं प्रसारण ८६९ मेगाहर्ट्झपासून वर सुरू होतं. आपला पट्टा ८६७-८६८ ला संपतो. म्हणजे तुमच्या क्षीण सिग्नलच्या अगदी कुंपणाला लागून टॉवर गरजत असतो. टॉवर घराजवळ असेल तर रिसीव्हरचं पुढचं टोक त्यानेच भरून जातं. अशा ठिकाणी ८६८ च्या जवळ जाऊ नका, ८६५.१ ते ८६५.५ च्या आसपास राहा. अँटेना अशा बाजूला लावा की टॉवर आणि अँटेना यांच्यामध्ये पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली येईल. तरीही भागलं नाही तर ८६५-८६७ चा बँडपास फिल्टर (फक्त तेवढाच पट्टा आत सोडणारा). ऑनलाइन मिळणारे सिग्नल वाढवणारे एलएनए अशा जागी लावू नका. ते तुमच्या सिग्नलसोबत टॉवरलाही वाढवतात, आणि जे चालत होतं तेही बंद पडतं.

आरटीएल-एसडीआर असेल तर पडद्यावर ८६९ पासून उभी राहिलेली ती भिंत दिसते.

९. एसएफ, बँडविड्थ आणि पॉवर सगळ्यात शेवटी

आता सेटिंगला हात लावा. एसएफ ७ वरून १० वर गेलात की सेन्सिटिव्हिटी −१२३ वरून −१३२ होते, फुकटात ९ डीबी. किंमत वेळेत मोजायची: २० बाइटचा निरोप एसएफ ७ ला ५७ मिलिसेकंदांत जातो, १० ला ३७० लागतात, १२ ला १.३ सेकंद. पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी पाठवायला एसएफ १० छान. थेट १२ वर उडी घेऊ नका. बॅटरी खाते, आणि शिवारात आणखी चार जणांनी लोरा लावला की निरोप एकमेकांवर आदळू लागतात.

बँडविड्थ अर्धी केली की ३ डीबी मिळतात, हे खरं. पण स्वस्त मॉड्यूलमधला फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल उन्हात तापून सरकतो. चिप बँडविड्थच्या पाव भागाएवढा फरक सहन करते. १२५ किलोहर्ट्झला तो ३१ किलोहर्ट्झ होतो, भरपूर आहे. ३१.२५ किलोहर्ट्झला मात्र पावणेआठच. दोन्हीकडचे क्रिस्टल १०-१० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) उलट सरकले तर ८६६ मेगाहर्ट्झला १७ किलोहर्ट्झचा फरक पडतो. मग सकाळी येणारा निरोप दुपारी बाराला गायब, संध्याकाळी पुन्हा हजर. टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा क्रिस्टल) असलेलं मॉड्यूल नसेल तर १२५ सोडू नका.

पॉवर: १७ डीबीएमला चिप ८७ मिलिॲम्पिअर घेते, २० ला १२०. शिवाय २० वर एकूण वेळेच्या १ टक्क्याहून जास्त प्रसारण करू नये असं डेटाशीटच सांगते. आठव्या पायरीपर्यंत सगळं नीट झालं असेल तर १४ डीबीएमवरही काम होतं, आणि सोलरचं छोटं पॅनेल पुरतं.

१०. शिल्लक किती ठेवायची

सगळं बसवल्यावर जो आरएसएसआय मिळेल तो सेन्सिटिव्हिटीपेक्षा निदान २० डीबी वर असावा. एसएफ १० असेल तर −११२ किंवा बरा. गोंगाट जास्त असलेल्या घरी हाच हिशेब एसएनआरने करा: एसएफ १० ची हद्द −१५ आहे, तुमचा एसएनआर ५ च्या आसपास हवा.

वीस कशाला, असं वाटेल. तुम्ही चाचणी कधी केलीत ते आठवा. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात घेतलेला आकडा आणि पुढच्या पावसाळ्यात आडसालीचा ऊस डोक्यावर गेल्यावरचा आकडा यांत मोठा फरक असतो. ओल्या पानांचा तोटा कोरड्या पानांहून जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस दीड वर्ष रानात असतो, आणि आरएसएसआय इतका हळूहळू घसरतो की कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून घरच्या रिसीव्हरला आरएसएसआय रोज साठवायला लावा. महिन्याभरात सात-आठ डीबी उतरले तर खांब उंच करायची वेळ आली. एका दिवसात पंधरा उतरले तर कनेक्टरात पाणी गेलंय किंवा अँटेना फिरलाय.

खांब उघड्या रानात उभा राहतो, तेव्हा त्याला स्वतंत्र अर्थिंग द्या आणि केबलला लाइटनिंग अरेस्टर लावा. विजा कडाडत असताना खांबाजवळ जायचं नाही.

मोटर रेडिओवरून चालू-बंद करायची असेल तर दोन गोष्टी आधी पक्क्या करा. विहिरीवरून 'झालं' असं उत्तर आल्याशिवाय घरच्या पडद्यावर मोटर चालू दाखवायची नाही. आणि ठरावीक वेळ निरोपच आला नाही तर विहिरीकडच्या मॉड्यूलने मोटर आपोआप बंद करायची. स्टार्टरच्या आतली जोडणी वायरमनकडूनच करून घ्या, आणि विहिरीवर काम करायला माणूस गेला की रेडिओचा ताबा तोडणारा स्विच तिथेच, डब्याबाहेर, हाताला लागेल असा बसवा.